‘गुड’ की ‘वेल’, ‘स्लो’ की ‘स्लोली’: इंग्रजीत एल-वाय लावायचं कधी?

‘शी सिंग्ज गुड’ असं म्हणणाऱ्याला व्याकरण येत नाही असं नाही. त्याला मराठी व्याकरण पक्कं येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते, मुलं चांगली गातात. शब्द सांगतोय गाण्याबद्दल, पण वळतोय गाणाऱ्याप्रमाणे. ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली गाते’ या दोन्ही ठिकाणी तोच शब्द खपून जातो. इंग्रजीत मुलगी ‘गुड’ असते आणि गाते ‘वेल’. एका शब्दावर दोन कामं भागवायची सवय घेऊन आपण इंग्रजीत शिरतो आणि अडखळतो.

मराठी माध्यमात शिकून पुण्यात आलेल्यांसाठी हा लेख आहे. कोणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसलेलं असेल, कोणी हिंजवडीत पहिल्या नोकरीतले मेल लिहीत असेल. ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, या व्याख्या तुम्हाला पाठ आहेतच. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या कुठल्याही ग्रामरच्या पुस्तकात त्या असतात, पुढे शब्दांच्या लांबलचक याद्याही असतात. माझं मत विचाराल तर याद्या आधी पाठ करू नका. आधी प्रश्न विचारायला शिका, याद्या नंतर आपोआप छोट्या होतात.

पहिली पायरी: शब्द कोणाला चिकटलाय ते बघा

वर्णन करणाऱ्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हा कोणाबद्दल बोलतोय? माणूस, वस्तू, जागा, म्हणजे नाम किंवा सर्वनाम असेल तर विशेषण. ‘अ स्लो बस’मधला ‘स्लो’ बसबद्दल आहे. काहीतरी कसं घडलं याबद्दल असेल तर क्रियाविशेषण. ‘द बस मूव्ह्ड स्लोली डाउन लक्ष्मी रोड’मधला ‘स्लोली’ सरकण्याबद्दल आहे.

इथपर्यंत शाळेतलंच. पण ‘क्रियाविशेषण’ या नावामुळे एक गोष्ट डोक्यातून निसटते. हा शब्द फक्त क्रियापदाला चिकटत नाही. विशेषणालाही चिकटतो आणि दुसऱ्या क्रियाविशेषणालाही. मराठीत आपण ‘भयंकर महाग’, ‘प्रचंड मोठा’, ‘जबर हुशार’ असं बिनधास्त बोलतो, विशेषणाला विशेषण जोडतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. तेच इंग्रजीत नेलं की ‘द फ्लॅट वॉज टेरिबल एक्स्पेन्सिव्ह’ तयार होतं. इथे ‘टेरिबल’ काय आहे? फ्लॅट भयंकर नाही, किंमत भयंकर आहे. शब्द ‘एक्स्पेन्सिव्ह’ला चिकटलाय, म्हणून ‘टेरिबली एक्स्पेन्सिव्ह’. तसंच ‘रिअली गुड’, ‘कम्प्लीटली न्यू’, ‘सप्रायझिंगली चीप’. अमेरिकन बोलण्यात ‘रिअल गुड’ कानावर पडतं. मित्रांत चालेल, परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये नाही.

दोन शब्द शेजारी आले की प्रत्येकाचा धागा वेगळा ओढून बघावा. ‘अ ब्युटिफुल ओल्ड वाडा’ म्हणजे सुंदर आणि जुना वाडा, दोन्ही शब्द वाड्यालाच बांधलेले. ‘अ ब्युटिफुली कार्व्ड वाडा’मध्ये ‘कार्व्ड’ वाड्याला बांधलंय आणि ‘ब्युटिफुली’ कोरण्याला. विश्रामबागवाड्याच्या लाकडी दर्शनी भागाबद्दल लिहायचं झालं तर ‘इंट्रिकेटली कार्व्ड वुडन फ्रंट’ असं लिहाल: ‘वुडन’ दर्शनी भागाला, ‘कार्व्ड’ही त्यालाच, ‘इंट्रिकेटली’ मात्र फक्त ‘कार्व्ड’ला. ‘इंट्रिकेट कार्व्ड’ लिहिलंत तर वाचणारा क्षणभर थबकतो, कारण धागा भलत्याच खुंटीला बांधलाय.

दुसरी पायरी: मराठीत ‘पणे’ लावून बघा

ही युक्ती माझ्या आवडीची, कारण ती आपल्याच भाषेतली आहे. शब्द मराठीत मनात म्हणा आणि त्याला ‘पणे’, ‘ने’, ‘पूर्वक’ किंवा ‘प्रकारे’ जोडून वाक्य टिकतंय का बघा. टिकलं तर इंग्रजीत क्रियाविशेषण. हास्यास्पद झालं तर विशेषण.

‘तो शांत बसला.’ शांतपणे बसला? चालतं. म्हणून ‘ही सॅट क्वाएटली’. ‘तो शांत होता.’ शांतपणे होता? कोणी असं बोलत नाही. म्हणून ‘ही वॉज क्वाएट’. ‘ती चांगली गाते.’ चांगल्या प्रकारे गाते, चालतं, म्हणून ‘शी सिंग्ज वेल’. ‘पोहे चविष्ट लागले.’ चविष्टपणे लागले? पोह्यांनाही हसू येईल. म्हणून ‘द पोहे टेस्टेड डिलिशस’, ‘डिलिशसली’ नाही.

युक्ती दहा ठिकाणी उपयोगी पडते आणि अकराव्या ठिकाणी फसवते, तेव्हा फसण्याच्या जागाही ओळखून ठेवा. पहिली जागा ‘भयंकर महाग’सारखी. तिथे आपण ‘भयंकरपणे महाग’ म्हणत नाही, तरी इंग्रजीला एल-वाय हवं असतं. त्यासाठी पहिली पायरीच कामाला येते. दुसरी जागा ‘राहणे’. ‘शांत राहा’ आणि ‘शांतपणे राहा’ दोन्ही मराठीत चालतात, पण इंग्रजीत ‘कीप क्वाएट’, ‘स्टे काम’, ‘रिमेन सायलेंट’, सगळीकडे विशेषणच. तिसरी जागा स्वयंपाकघरात आहे. ‘कांदा बारीक चिरा’ला आपण ‘बारीकपणे’ लावत नाही, पण इंग्रजी पाककृतीत ‘चॉप द अनियन फाइन्ली’ असतं. पातळ कापायला मात्र ‘स्लाइस इट थिन’ आणि ‘स्लाइस इट थिनली’ दोन्ही चालतात: पहिल्यात नजर तयार झालेल्या चकतीवर, दुसऱ्यात कापण्याच्या पद्धतीवर. जाता जाता, बारीक चिरण्याच्या ‘फाइन्ली’मध्ये एकच एल आणि ‘अखेर’ अर्थाच्या ‘फायनली’मध्ये दोन. पाककृतीत दुसरं लिहिलं की कांदा सगळ्यात शेवटी चिरला जातो.

तिसरी पायरी: क्रियापद ‘इज’च्या कुळातलं आहे का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे जरा थांबू.

क्रियापदानंतर येतो तो क्रियाविशेषण, असं अनेकांच्या मनात बसलेलं असतं. पण काही क्रियापदं काहीच करत नाहीत, ती फक्त कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात. यांना लिंकिंग व्हर्ब म्हणतात: ‘बी’ची सगळी रूपं, शिवाय ‘सीम’, ‘बिकम’, ‘लुक’, ‘साउंड’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’, ‘अपिअर’, ‘रिमेन’, ‘स्टे’, आणि कधी कधी ‘टर्न’, ‘गो’, ‘ग्रो’, ‘गेट’. त्यांच्यामागून येणारं वर्णन कर्त्याचं असतं, म्हणून विशेषण.

ओळखायची रीत सोपी: त्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ ठेवा. वाक्य साधारण त्याच अर्थाचं राहिलं तर विशेषण वापरा. ‘द मिसळ स्मेल्स वंडरफुल’, ‘द मिसळ इज वंडरफुल’. जमलं. ‘शी टेस्टेड द रस्सा केअरफुली’मध्ये ‘वॉज’ ठेवलं तर ‘शी वॉज द रस्सा’ होतं, म्हणजे ती स्वतःच रस्सा! इथे ‘टेस्ट’ ही खरोखरची कृती आहे: चमचा घेतला, फुंकर मारली, जिभेवर ठेवला. म्हणून ‘केअरफुली’.

म्हणजे क्रियापद तेच, काम वेगळं. ‘ही लुक्ट अँग्री’: तो चिडलेला दिसत होता. ‘ही लुक्ट अँग्रिली ॲट द ड्रायव्हर’: त्याने ड्रायव्हरकडे रागाने पाहिलं. मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ अशी दोन क्रियापदं असल्याने आपला गोंधळ व्हायला नको. इंग्रजीत मात्र दोघांना एकच ‘लुक’. म्हणून मनातल्या मराठी वाक्याकडे बघा. ‘दिसतो’, ‘लागतो’, ‘वाटतो’, ‘होतो’ आलं की विशेषण. ‘पाहतो’, ‘चाखतो’, ‘हुंगतो’, ‘वळतो’ आलं की क्रियाविशेषण. दूध आंबट झालं, ‘द मिल्क टर्न्ड सावर’. रिक्षा हळू वळली, ‘द रिक्षा टर्न्ड स्लोली’.

आता ‘आय फील बॅडली’. हे बोलणारे बहुधा ग्रामर जपणारे असतात. एल-वाय लावलं की इंग्रजी जास्त शुद्ध होतं, असा त्यांचा समज असतो. पण तुम्हाला वाईट वाटतंय, तर ‘वाटणे’ हे लिंकिंग आहे आणि ‘आय फील बॅड’ हेच बरोबर. ‘बॅडली’ घेतलं आणि काटेकोर वाचलं तर अर्थ होतो, तुमची स्पर्शाने जाणण्याची शक्ती अधू आहे. मला तर एल-वाय विसरणाऱ्यापेक्षा नको तिथे चिकटवणाऱ्याची सवय मोडणं अवघड वाटतं, कारण त्याला आपलं बरोबर आहे याची खात्री असते.

याच पायरीवर आणखी एक जोडी बसते, ती परीक्षेत हमखास दगा देते. पेपर सोपा गेला तर ‘आय फाउंड द पेपर ईझी’. परीक्षा केंद्र सहज सापडलं तर ‘आय फाउंड द सेंटर ईझिली’. दोन्हींत ‘फाउंड’, दोन्हींत पुढे एक नाम, आणि अर्थ टोकाचे वेगळे. पहिल्यात ‘ईझी’ पेपरचं वर्णन आहे, दुसऱ्यात ‘ईझिली’ शोधण्याचं. ‘आय फाउंड द पेपर ईझिली’ म्हणालात तर हरवलेला पेपर पटकन सापडला.

‘मेक’ आणि ‘कीप’ही असेच वागतात. ‘कीप युअर डेस्क क्लीन’, ‘धिस मेक्स मी हॅपी’, ‘मेक युअर पॉइंट क्लिअर’. वर्णन टेबलाचं, माझं, मुद्द्याचं आहे, कृतीचं नाही. मुद्दा समजावून सांगण्याची पद्धत सांगायची असेल तर क्रियापद बदला: ‘एक्स्प्लेन युअर पॉइंट क्लिअरली’.

चौथी पायरी: एल-वाय दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका

‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘सिली’, ‘कॉस्टली’, ‘लाइव्हली’, ‘एल्डरली’. शेपूट एल-वायचं, पण सगळी विशेषणं. यांना परत एल-वाय जोडायला जाऊ नका. कोणी आपुलकीने बोललं तर ‘ही स्पोक टू अस इन अ फ्रेंडली वे’ असं वळसा घालून म्हणायचं. ‘डेली’, ‘वीकली’, ‘मंथली’, ‘अर्ली’ हे दोन्हीकडे राहतात: ‘मंथली पास’ही बरोबर आणि ‘वी पे द मेस मंथली’ही.

उलट बाजूने, एल-वाय नसलेली क्रियाविशेषणं आहेत. ‘फास्ट’ घ्या. ‘फास्टली’ हा शब्द लिहू नका. ‘अ फास्ट ट्रेन’ आणि ‘द ट्रेन रन्स फास्ट’, दोन्हीकडे तोच. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक ‘ई’ लावून क्रियाविशेषण करत असत. काळाच्या ओघात त्या ‘ई’चा उच्चार गळाला आणि काही शब्दांची दोन्ही रूपं सारखीच उरली. म्हणून रस्त्यावरच्या ‘गो स्लो’च्या पाटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती जुनी आणि चालू रीत आहे. ॲपलने 1997 मध्ये ‘थिंक डिफरंट’ म्हटलं तेव्हा मात्र बराच वाद झाला. जाहिरातीला सूट असते, उत्तरपत्रिकेत ‘डिफरंटली’ लिहा.

खरा धोका अशा शब्दांत आहे ज्यांची दोन्ही रूपं क्रियाविशेषणं आहेत, पण अर्थ वेगळे. अप्रेझलच्या दिवसांत मॅनेजरला ‘आय हार्डली वर्क्ट ऑन धिस प्रोजेक्ट’ असं लिहिलंत तर तुम्ही स्वतःच कबूल केलंत की काम जवळजवळ केलंच नाही. मेहनत केली असेल तर ‘आय वर्क्ट हार्ड’. ‘हार्डली’ स्वतःच नकारार्थी असल्याने त्याच्या जोडीला ‘नॉट’ही नको.

‘ही केम लेट’ म्हणजे उशिरा आला. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ, ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ. ‘शॉर्टली’ म्हणजे थोडक्यात नव्हे, लवकरच. पतंग ‘हाय’ उडतो, माणूस ‘हायली’ क्वालिफाइड असतो. ‘चिल्ड्रन ट्रॅव्हल फ्री’ म्हणजे मुलांना तिकीट नाही, ‘ट्रॅव्हल फ्रीली’ म्हणजे अडवणारं कोणी नाही. आणि ‘धिस बस गोज डायरेक्ट टू स्वारगेट’मध्ये ‘डायरेक्ट’ बरोबर आहे, मध्ये बस बदलावी लागत नाही. मराठीतही आपण ‘डायरेक्ट स्वारगेट’च म्हणतो, तेव्हा इथे सवय उपयोगी पडली.

‘गुड’ आणि ‘वेल’

गुड विशेषण, वेल क्रियाविशेषण, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. अपवाद तब्येतीचा. ‘आय ॲम नॉट वेल’मध्ये ‘वेल’ विशेषण आहे, अर्थ ‘बरा’. ‘हाऊ आर यू?’ला ‘आय ॲम गुड’ हे उत्तर आता सर्रास ऐकू येतं आणि त्याला चूक म्हणण्याचे दिवस गेले. पण ‘अवर टीम इज डूइंग गुड’ असा रिपोर्ट लिहू नका. ‘डूइंग गुड’ म्हणजे लोकांचं भलं करणं. टीमची कामगिरी चांगली असेल तर ‘डूइंग वेल’.

तुलना करताना दोघेही ‘बेटर’ होतात, त्यामुळे तिथे निवडायचंच नाही. फक्त ‘मोर बेटर’ नको. लांब क्रियाविशेषणांना ‘मोर’ लागतं, ‘मोर क्विकली’, ‘मोर केअरफुली’. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘अर्ली’ यांचं ‘फास्टर’, ‘हार्डर’, ‘अर्लिअर’.

स्पेलिंग

शेवटी वाय असेल तर त्याचा आय होतो: ‘हॅपी’, ‘हॅपिली’. ‘जेंटल’सारख्या एल-ई वाल्यांचा ई काढून वाय: ‘जेंटली’. ‘केअरफुल’मध्ये एक एल, ‘केअरफुली’मध्ये दोन. आय-सी वाल्यांना ए-एल-एल-वाय लागतं, ‘बेसिकली’, ‘ऑटोमॅटिकली’. फक्त ‘पब्लिकली’ला सरळ एल-वाय. ‘ट्रू’चा ई ‘ट्रूली’त गळतो, ‘सिन्सिअर’चा ई ‘सिन्सिअरली’त राहतो. अर्जाच्या शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’मधला हा ई हटकून गळालेला असतो, आणि तोही सहीच्या अगदी वर.

शेवटची पायरी: शब्द बरोबर, आता जागा

योग्य रूप निवडूनही वाक्य चुकू शकतं. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे ‘तो अस्खलित इंग्रजी बोलतो’मध्ये ‘अस्खलित’ इंग्रजीला चिकटलंय की बोलण्याला, हे विचारायची वेळच येत नाही. इंग्रजीत दोन वाटा आहेत. ‘ही स्पीक्स फ्लुएंट इंग्लिश’: विशेषण, नामाच्या आधी. ‘ही स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’: क्रियाविशेषण, कर्माच्या नंतर. दोन्ही बरोबर. चूक आहे ती या दोघांची खिचडी, ‘ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण घुसवायचं नाही. ‘शी फिनिश्ड क्विकली द रिपोर्ट’ नको. ‘शी फिनिश्ड द रिपोर्ट क्विकली’ किंवा ‘शी क्विकली फिनिश्ड द रिपोर्ट’.

‘इनफ’ची जागाही मराठीच्या उलट. ‘पुरेसं चांगलं’ म्हणजे ‘गुड इनफ’, ‘इनफ गुड’ नाही. नामाच्या मात्र आधी: ‘इनफ टाइम’.

आणि ‘ओन्ली’. ‘मी पुण्याचाच’मधल्या ‘च’ची ओढ इतकी की ‘आय ॲम फ्रॉम पुणे ओन्ली’ तोंडातून निघतंच. आपापसात सगळ्यांना कळतं, बोलताना खुशाल बोला. लेखी इंग्रजीत ‘ओन्ली’ ज्याला मर्यादा घालतं त्याच्या शेजारी ठेवा. ‘ओन्ली रोहिणी चेक्ट द बिल’ म्हणजे रोहिणीनेच तपासलं, दुसऱ्या कोणी नाही. ‘रोहिणी चेक्ट ओन्ली द बिल’ म्हणजे बिलच तपासलं, माल नाही. ‘रोहिणी ओन्ली चेक्ट द बिल’ म्हणजे नुसतं तपासलं, पैसे भरायचे बाकी आहेत. पुण्यातलं वाक्य मात्र ‘च’ जोर देण्यासाठी वापरतं, मर्यादा घालण्यासाठी नाही, म्हणून तिथे ‘ओन्ली’ सरळ गाळा: ‘आय ॲम फ्रॉम पुणे’.